आमचे सगळे सुखरूप

नोव्हेंबर २०२०मध्ये आमच्या पाळकसाहेबांनी मला व्हॉट्सॲपवर एक इंग्रजी पत्र फॉरवर्ड केलं आणि खाली लिहिलं, ‘रविवारच्या प्रार्थनेसाठी मराठीत करून दे. थोडक्यात.’

हे काम माझ्याकडे कधी आलं ते आठवत नाही. आमच्याकडे इंग्रजी बऱ्याच जणांना येतं, पण भाषांतराला कुणी बसत नाही. म्हणून जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातली प्रार्थनेची विनंती शेवटी माझ्या फोनवर येऊन पडते. मी रात्री जेवण झाल्यावर ती मराठीत करतो आणि मंडळीच्या ग्रुपवर टाकतो. आम्ही प्रॉटेस्टंट लोक एका चर्चच्या सभासदांच्या समूहाला ‘मंडळी’ म्हणतो.

पत्र एका छोट्या, पण बऱ्याच देशांत सभासद असलेल्या चर्चचं होतं. मध्य अमेरिकेत पंधरा दिवसांत दोन चक्रीवादळं आली, त्याबद्दल. पत्रात तीन परिच्छेद होते. पहिल्यात वादळाचं वर्णन. दुसऱ्यात एक आनंदाची बातमी : आमचे सगळे सभासद सुखरूप आहेत, काहींच्या घरांचे पत्रे उडाले, पण जीवितहानी नाही. तिसऱ्यात आणखी एक आनंदाची बातमी : या सगळ्या भागात देवाचं काम वाढत आहे, नव्या मंडळ्या सुरू होत आहेत.

पहिला परिच्छेद सहज झाला. दुसऱ्याच्या पहिल्याच वाक्याला अडलो, आणि तेही एका अगदी सोप्या शब्दाला. ‘अवर मेंबर्स’. मराठीत काय लिहू? ‘आमचे सभासद’ की ‘आपले सभासद’?

इंग्रजी माणसाला हा प्रश्न पडत नाही. त्याच्याकडे एकच ‘वी’ आहे. आपल्याकडे दोन आहेत. ‘आम्ही’ म्हटलं की ज्याच्याशी बोलतोय तो बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. ‘आम्ही जेवायला चाललोय’ आणि ‘आपण जेवायला चाललोय’ यांत एका ताटाचा फरक आहे. गुजरातीत हा भेद आहे, तमिळमध्ये आहे. आपण दिवसातून शंभरदा तो करतो आणि आपल्या लक्षातही येत नाही.

मी ‘आमचे’ लिहिलं. मग खोडलं. ‘आपले’ लिहिलं. तेही खोडलं. दोन्हींत काहीतरी खोटं वाटत होतं.

---

नकाशा उघडला. निकाराग्वाचा कॅरिबियन किनारा. उत्तरेकडचं मुख्य गाव बिलवी, ज्याला स्पॅनिशमध्ये पुएर्तो काबेसास म्हणतात. ३ नोव्हेंबरला ‘ईटा’ हे चक्रीवादळ बिलवीच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, चौथ्या श्रेणीचं. लोकांनी पडलेल्या घरांच्या फळ्या गोळा करायला सुरुवात केली असेल-नसेल, तोच १६ तारखेच्या रात्री ‘आयोटा’ आलं. तेही चौथ्या श्रेणीचं, आणि पहिल्या जागेपासून सुमारे २५ किलोमीटरवर, हॉलओव्हर नावाच्या गावाजवळ. तेरा दिवसांत दोनदा, जवळपास त्याच घरांवर.

त्या वर्षी अटलांटिकमध्ये ३० वादळांना नावं द्यावी लागली. ठरलेल्या नावांची यादी संपली, म्हणून ग्रीक अक्षरं वापरायला घेतली. आयोटा हे त्या लिपीतलं सगळ्यांत छोटं अक्षर. योगायोग असा की त्याच १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं लॉकडाऊननंतर पुन्हा उघडली होती. आम्ही चर्चचे बाक पुसत होतो.

या किनाऱ्याला वादळं नवी नाहीत. १९८८च्या ऑक्टोबरमध्ये ‘जोन’ने दक्षिणेकडचं ब्लूफिल्ड्स हे बंदर उद्ध्वस्त केलं. २००७मध्ये पाचव्या श्रेणीचं ‘फेलिक्स’ बिलवीच्या उत्तरेला आलं आणि समुद्रातल्या छोट्या बेटांवर मासेमारीला गेलेले कितीतरी लोक परतलेच नाहीत. तिथे मिस्किटो आदिवासी आणि आफ्रिकी वंशाचे क्रिओल लोक राहतात. देश स्पॅनिश बोलणारा आणि कॅथलिक, पण हा किनारा बराचसा प्रॉटेस्टंट, कारण १८४९ साली ब्लूफिल्ड्सला मोरेवियन मिशनरी उतरले आणि त्यानंतरच्या काही दशकांत त्यांचं चर्च गावोगावी पोचलं. आज तिथे इतरही अनेक चर्च आहेत. मला आलेलं पत्र अशाच एका नव्या आणि छोट्या चर्चचं होतं.

मिस्किटो भाषेबद्दल वाचताना मात्र मी चमकलो. तिच्यातही दोन ‘वी’ आहेत. ‘यांग नानी’ म्हणजे आम्ही, ऐकणारा सोडून. ‘यावन’ म्हणजे आपण, ऐकणाऱ्यासकट. म्हणजे ज्या घरांचे पत्रे उडाले त्या घरांत मला पडलेला प्रश्न लगेच कळला असता. तो कळत नव्हता तो मधल्या इंग्रजीला. एका ‘आम्ही-आपण’वाल्या भाषेतून निघालेली बातमी दुसऱ्या ‘आम्ही-आपण’वाल्या भाषेत येताना मधल्या स्टेशनवर तिचा अर्थ सांडला होता.

---

आता ‘आमचे सुखरूप’ या वाक्यावर तुटून पडणं फार सोपं आहे. ‘फक्त तुमचे? बाकीचे मेले तरी चालतील?’ असं कुणी ट्विटरवर लिहिलं तर मीही लाइक करीन.

पीटर सिंगर या तत्त्वज्ञाने १९७२ साली एक प्रसिद्ध लेख लिहिला. पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित भारतात येत होते, त्या पार्श्वभूमीवर. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : समोरच्या डबक्यात मूल बुडत असेल तर कपडे चिखलात खराब होतील म्हणून तुम्ही थांबणार नाही. मग तेच मूल हजारो मैलांवर असलं तर काय फरक पडतो? अंतर हे काही नैतिक कारण नव्हे. हा युक्तिवाद पहिल्यांदा वाचला तेव्हा मला झोप लागली नव्हती. त्यात पळवाट सापडत नाही. ‘आपले’ आणि ‘परके’ हा भेदच तो मोडीत काढतो.

पण एक गोष्ट त्या डबक्याच्या उदाहरणात गृहीत धरलेली आहे : मूल तुम्हाला दिसतंय. वादळानंतर कुणीच कुणाला दिसत नाही. वीज नाही, टॉवर पडलेला, रस्त्यावर झाडं. अशा वेळी कोण जगलं आणि कोण नाही हे कुणाला कळतं? ज्याच्याकडे नावं आहेत त्याला. तलाठ्याकडे घर क्रमांक असतो. पण पलीकडच्या गल्लीतली म्हातारी पायाने अधू आहे, तिचा मुलगा परगावी कामाला असतो आणि ती हाक मारल्याशिवाय दार उघडत नाही, हे पाळकाला माहीत असतं. मशिदीच्या इमामाला माहीत असतं, भजनी मंडळाच्या बुवांना माहीत असतं. कारण ती गेल्या रविवारी, शुक्रवारी, एकादशीला आली नव्हती हे त्यांच्या लक्षात आलेलं असतं.

मोरेवियन चर्चच्या इतिहासात याचं एक सुंदर उदाहरण आहे. जर्मनीतल्या हेर्नहुट नावाच्या खेड्यात, बोहेमिया-मोरावियातून पळून आलेल्या निर्वासितांची वस्ती होती. १७२७ साली त्यांनी ठरवलं की दिवसाच्या प्रत्येक तासाला कुणीतरी प्रार्थनेत असेल. २४ पुरुष, २४ स्त्रिया, तास वाटून घेतलेले. हा क्रम शंभर वर्षं चालला. यात देवाला काय मिळालं ते देव जाणे, पण माणसांना काय मिळालं ते मी सांगू शकतो. कुणासाठी रोज ठरलेल्या तासाला प्रार्थना करायची तर त्याचं नाव लागतं, त्याचं काय दुखतंय ते माहीत असावं लागतं. प्रार्थनेची यादी ही काळजीची यादी असते. ‘अखिल मानवजाती’साठी प्रार्थना करणं सोपं. त्यात कुणाच्याच गुडघ्याची चौकशी करावी लागत नाही.

म्हणून ‘आमचे’ या शब्दाला मी लगेच दोषी ठरवत नाही. मदत कुठल्या तरी ओळखीच्या वाटेनेच जाते. वाट नसेल तर नुसती सदिच्छा उरते.

मग अडचण कुठे आहे? ती मी पुस्तकात नाही, एका टेम्पोच्या मागच्या फळीवर बसून शिकलो.

---

त्याच वर्षी, ३ जूनला, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धनकडच्या सुपारीच्या वाड्या अशा आडव्या झाल्या की जणू कुणी त्यांच्यावरून हात फिरवला. घरांचे पत्रे, कौलं गेली आणि पावसाळा तोंडावर. आम्ही पुण्यातून काही तरुण मुलांनी पैसे जमवले, चाळीसेक ताडपत्र्या घेतल्या, पास काढला आणि निघालो. तिकडच्या एका छोट्या मंडळीच्या पाळकांनी फोनवर नावं सांगितली होती, ती मी वहीत उतरवली होती. यादी माझ्याकडे, म्हणजे मीच मुख्य.

एका वस्तीवर यादीतल्या एका घराला ताडपत्री दिली. शेजारच्या घरातून एक मावशी आल्या. त्यांच्या घरावर तर पत्राच नव्हता, नुसते वासे. त्यांनी काही मागितलंही नाही, नुसतं टेम्पोकडे पाहिलं. मी वही उघडली, नाव विचारलं, बोट फिरवलं आणि म्हणालो, ‘मावशी, तुमचं नाव यादीत नाहीये. ही मंडळीच्या लोकांसाठी आहे. सरकारकडून मिळेल तुम्हाला.’

त्या ‘बरं’ म्हणाल्या. मग शेजारणीच्या घराकडे गेल्या आणि तिला एकटीला ताडपत्री ओढता येईना म्हणून दुसरं टोक धरलं. वाऱ्याने ताडपत्री फडफडत होती. दोघींनी मिळून ती बांधली, दगड ठेवले. मी टेम्पोतून बघत होतो. पुढचं घर घ्यायचं होतं.

संध्याकाळी दोन ताडपत्र्या उरल्या. ‘कुणी सभासद राहिला असेल तर’ म्हणून आम्ही त्या जपून ठेवल्या होत्या. कुणी राहिलं नव्हतं. त्या पुण्याला परत आल्या.

मी कुणाचा द्वेष केला नव्हता. त्या मावशी कुठल्या धर्माच्या, हा विचारही माझ्या डोक्यात नव्हता. मी फक्त यादी पाळत होतो. हे मला जास्त भीतीदायक वाटतं. द्वेष असता तर तो निदान मला दिसला असता.

येशूने सांगितलेली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट चर्चमध्ये न जाणाऱ्यांनाही साधारण माहीत असते. धर्मशास्त्र जाणणारा एक माणूस येशूला विचारतो, माझा शेजारी कोण? म्हणजे यादी कुठे संपते ते सांगा. उत्तरादाखल येशू वाटेत जखमी पडलेल्या एका माणसाची गोष्ट सांगतो. त्याच्याच समाजातले दोन प्रतिष्ठित लोक वळसा घालून जातात आणि ज्याला ते लोक परका आणि कमी समजत, तो शोमरोनी थांबतो. शेवटी येशू प्रश्नच उलटवतो : या तिघांतला शेजारी कोण ठरला? म्हणजे शेजारी कोण हे यादी बघून कळत नाही, टोक कोण धरतं त्यावरून कळतं. मी रविवारच्या शाळेत ही गोष्ट मुलांना शिकवलेली आहे. त्या दिवशी त्या गोष्टीत माझी जागा कुठली होती हे सांगायला नको.

यादी ही सुरुवात म्हणून पवित्र आहे. शेवट म्हणून तीच क्रूर होते. यादीत नाव असलेल्या घरापर्यंत पोचल्यावर तुम्हाला शेजारचं घर दिसतं, आणि ते दिसावं म्हणूनच बहुधा यादी असते.

---

मोजणीचा हा प्रश्न फक्त चर्चचा नाही. २० सप्टेंबर २०१७ला ‘मारिया’ हे चक्रीवादळ पोर्तो रिकोवर आलं. सरकारने सांगितलं, मृत ६४. लोक म्हणत होते, हे शक्य नाही. महिनोन्‌महिने वीज नव्हती, दवाखाने नीट चालत नव्हते, दमेकऱ्यांची मशिनं बंद होती. पण सरकारी हिशेबात यातली बहुतेक माणसं बसत नव्हती. जवळपास वर्षभराने, ऑगस्ट २०१८मध्ये, जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासानंतर अधिकृत आकडा बदलला. नवा आकडा होता २,९७५. त्या मधल्या काळात ती माणसं मेलेलीही होती आणि मेलेली नव्हतीही.

आणि यादीत नाव आलं म्हणजे सगळं भागलं असंही नाही. मोरेवियन लोकांचा पहिला परदेशी मिशनप्रवास १७३२ साली झाला, कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावर. ते तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं आणि उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत होते. ज्या काळात बरेच गोरे मळेवाले या माणसांना आत्मा आहे की नाही यावरच वाद घालत, त्या काळात हे मिशनरी त्यांना भाऊ-बहीण म्हणाले, वाचायला शिकवू लागले. रिबेका नावाची एक मुक्त झालेली कृष्णवर्णीय तरुणी १७३०च्या दशकात त्या बेटावर गावोगाव फिरून बायकांना शिकवत होती. हे फार मोठं धाडस होतं. पण त्याच मिशनने पुढे तिथेच एक मळा विकत घेतला, आणि मळ्याबरोबर माणसंही. रविवारी ज्याला भाऊ म्हणायचं तो सोमवारी आपल्या मालकीचा. त्या बेटांवर गुलामगिरी संपायला १८४८ साल उजाडलं.

हे वाचून मी बराच वेळ फोन खाली ठेवून बसलो. त्या माणसांची नावं मंडळीच्या वहीत होती. ती ‘आमचे सभासद’ होती. ‘आपण’ मात्र नव्हती. ‘आमचे’ या शब्दाचे दोन अर्थ मला तेव्हा कळले. आमचा भाऊ हेही ‘आमचे’, आणि आमचा बैल हेही ‘आमचे’च.

आज त्याच मोरेवियन चर्चचे सर्वांत जास्त सभासद टांझानियात आहेत. जर्मनीतलं खेडं आता या कुटुंबातलं एक जुनं घर आहे, एवढंच. एकूण ख्रिस्ती जगाचंच तसं झालंय. १९१० साली जगातले दोन-तृतीयांश ख्रिस्ती युरोपात होते, २०१० साली जेमतेम एक-चतुर्थांश उरले. बाकीचे बहुतेक आफ्रिकेत, लॅटिन अमेरिकेत, आशियात. म्हणजे ज्यांना एके काळी ‘मिशनचं फळ’ म्हणून मोजलं तेच आता बहुसंख्य आहेत. मोजणाऱ्याच्या खुर्चीवर कोण बसतं, हे बदलायला मात्र वेळ लागतो. माझ्याकडे आलेलं पत्र वादळ झालेल्या गावात लिहिलेलं नव्हतं.

---

आता तिसरा परिच्छेद. देवाचं काम वाढत आहे.

हा परिच्छेद वाचून माझ्या एका मित्राने, जो कुठलाच धर्म मानत नाही, लगेच म्हटलं, ‘बघ, लोकांची घरं पडतायत आणि हे ग्रोथ दाखवतायत.’ मला उत्तर देता आलं नाही. पण मला त्याच्याइतकं सहज हसताही आलं नाही. कारण मी स्वतः अशाच एका परिच्छेदातून आलोय.

माझं घराणं नगरकडचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्या दुष्काळानंतर नगर भागातल्या मिशनांच्या मंडळ्या झपाट्याने वाढल्या. मिशनचे त्या काळचे अहवाल कुणी लिहिले असतील तर त्यांत ‘या भागात काम वाढत आहे’ अशा अर्थाचं वाक्य असणारच. माझ्या खापरपणजोबांचं नाव त्या वाढीत आहे. आजी सांगायची, गावात आपल्याला ‘दुष्काळातले किरिस्ताव’ म्हणायचे. भाकरीसाठी बाटलेले. शाळेत मलाही हे ऐकावं लागलं, शंभराहून जास्त वर्षांनंतर.

लहानपणी मला याची लाज वाटायची. मी आजीला विचारायचो, ‘खरंच का गं, भाकरीसाठी?’ ती एकदा म्हणाली, ‘असंल. भुकेल्याला आधी भाकर दिसती, मग देणारा दिसतो.’ आणि तिने भाजी चिरायला घेतली.

आता विचार करतो तेव्हा वाटतं, माझे खापरपणजोबा गावकुसाबाहेर राहणारे. गावाच्या विहिरीवर त्यांना पाणी नव्हतं. गावाचं जे ‘आपण’ होतं त्यात ते कधीच नव्हते. कुणाच्याच यादीत नसलेल्या माणसाचं नाव आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी वहीत लिहून घेतलं. त्याने ते भाकरीसाठी लिहू दिलं, की माणूस म्हणून कुणी नाव विचारलं याच्या नवलाने, की खरोखर श्रद्धेने, हे मला शोधून काढता येणार नाही. तिन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. आणि मुख्य म्हणजे, हे शोधण्याचा अधिकार मला नाही. पोटभर जेवलेल्या माणसाने उपाशी माणसाच्या हेतूचा पंचनामा करणं यात काहीतरी अश्लील आहे.

देणाऱ्याच्या हेतूचा पंचनामा मात्र करता येतो. करायलाच हवा.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्या. १८७०च्या दशकात दुष्काळाने त्यांचे आईवडील गेले. भूक काय असते ते त्यांनी स्वतःच्या घरात पाहिलं होतं. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि विधवा केडगावला आणल्या, ज्यांना दुसरीकडे कुठे जागा नव्हती. पुढे त्यांच्यातल्या अनेक ख्रिस्ती झाल्या. त्याआधीच, १८९३ साली, शारदा सदनात मुलींवर धर्माचा प्रभाव पडतो या मुद्द्यावरून मोठा वाद झाला होता आणि सल्लागार मंडळातून न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर बाहेर पडले होते. रमाबाईंवर टीका करणारे सगळे दुष्ट नव्हते. ज्या छपराखाली माणूस जगतो त्या छपराच्या देवाला ‘नाही’ म्हणणं त्याला खरंच शक्य असतं का, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. पण त्या मुलींना आणायला स्टेशनवर रमाबाई होत्या, हेही खोटं नाही.

म्हणून मी माझ्यापुरती एक कसोटी केली आहे. ती कुठल्याही चर्चला लावा, मठाला लावा, पक्षाला लावा, गणेशमंडळाला लावा. यादी वाढणार नाही हे आधीच माहीत असतं, तरी ताडपत्री दिली असती का? उत्तर ‘हो’ असेल तर नंतर यादी वाढली यात पाप नाही. माणसं जिथे ऊब मिळते तिथे बसतात, त्यात नवल काय? उत्तर ‘नाही’ असेल तर ती मदत नव्हतीच, ती खरेदी होती. आणि या प्रश्नाचं उत्तर बाहेरच्या कुणाला कळत नाही. ते ज्याच्या हातात वही आहे त्यालाच माहीत असतं.

मी जूनमध्ये त्या कसोटीला उतरलो नव्हतो. आणि मला तर यादी वाढवायचीही नव्हती. नुसती सांभाळायची होती.

---

त्या रात्री शेवटी मी ‘आमचे सभासद सुखरूप आहेत’ असंच लिहिलं, कारण पत्राला तेच म्हणायचं होतं. भाषांतर करणाऱ्याने दुसऱ्याचं मन परस्पर मोठं करू नये. पण पाळकसाहेबांना वेगळा मेसेज केला : ‘साहेब, त्यांना विचारता येईल का, बाकीच्यांचं काय झालं?’

पाळकसाहेबांनी तो प्रश्न पुढे पाठवला. दोन-अडीच आठवडे काहीच आलं नाही, मी विसरूनही गेलो. मग तीन ओळींचं उत्तर आलं, त्या किनाऱ्यावरच्या पाळकाचं, दोनदा भाषांतर होऊन. वादळाच्या रात्री चर्चच्या इमारतीत जो आला तो झोपला, कोण कुठला ते कुणी विचारलं नाही. अंधार होता. मुख्य कार्यालयाच्या फॉर्ममध्ये मात्र एकच रकाना होता, सभासदांचा.

म्हणजे ज्याच्या अंगावर पाऊस पडत होता तो ‘यावन’ म्हणत होता. वर पोचेपर्यंत त्याचं ‘यांग नानी’ झालं. कुणीही वाईट नव्हतं. रकाना एकच होता.

मराठीत ‘आपण’ या शब्दाचं एक विचित्र वैशिष्ट्य आहे. तो ‘तुम्ही आणि मी’ यासाठी वापरतात, समोरच्याला आदराने बोलवण्यासाठी वापरतात आणि ‘स्वतः’ या अर्थानेही वापरतात. मी, समोरचा आणि आम्ही दोघं, तिघांना एकच शब्द. एवढी सोय करून ठेवलेली असताना मी त्या मावशींशी ‘आम्ही-तुम्ही’ बोललो.

उरलेल्या दोन ताडपत्र्यांपैकी एक पुढच्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांना दिली. त्यांच्या खोलीचं छप्पर गळत होतं. दुसरी अजून घरच्या माळ्यावर आहे. आई दर दिवाळीला साफसफाई करताना विचारते, ‘ही कशाला ठेवलीयस? टाकू का?’

मी म्हणतो, राहू दे.

आणि अलीकडे कुठेही नावं लिहून घ्यायची वेळ आली की मी वहीत शेवटची दोन पानं कोरी सोडतो.